काळी आणि नवरी

"तीन थेंब. दोन घातलेस तर रुसते, चार घातलेस तर घसरते. तीन, सेलीन. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. म्हणजे मोजायला चुकणार नाहीस."

भाऊजी जाऊन महिना झाला होता, तरी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी हातात घेतली की त्यांचा आवाज कानाशी यायचाच. त्या शुक्रवारीही चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून मी घरी आले, चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावरून काळीची पिशवी उतरवली. तीन बटणांवर तीन थेंब घातले.

काळी म्हणजे भाऊजींचं जुनं ट्रंपेट. मुंबईच्या बड्या हॉटेलांत साहेबलोक जॅझवर नाचायचे, त्या काळात ऑगी फर्टाडो हे नाव मोठं होतं. रेकॉर्डी निघाल्या, फोटो छापून आले. वसईला आमच्या गावात मात्र ते पास्कलचे थोरले भाऊ, एवढंच. पास्कल म्हणजे माझा नवरा. तो गेला त्याच वर्षी भाऊजी मुंबईची खोली सोडून आमच्याकडे राहायला आले. सोबत एक ट्रंक आणि दोन ट्रंपेटं. अकरा वर्षं राहिले.

दुसऱ्या ट्रंपेटला आम्ही नवरी म्हणायचो. सोन्याचा मुलामा, अंगावर कोरलेलं नाव, लाल मखमलीची पेटी. हॉटेलने कसल्याशा समारंभात भेट दिलेलं. "नटते, झळकते आणि बसून राहते," भाऊजी म्हणायचे, "फोटोवाले आले की हिला मांडीवर घ्यायची. वाजवायची वेळ आली की काळी." काळीचा रुपेरी मुलामा त्यांच्या तळव्याच्या घामाने कधीच खाल्ला होता. दोन ठिकाणी डाग दिलेला, एका नळीला सुतळी.

मी कुपीचं बूच लावत होते तेव्हा चर्चची घंटा सावकाश वाजू लागली. कुंपणापलीकडून ब्रिजितने हाक दिली.

"इनास गेला गं! मिठागराची राखण करायचा तो. साडेचारला माती."

"बँड आहे?"

"कुठला बँड! चार खांदे मिळाले तरी देवाची कृपा. पूर्वी निदान ऑगी अंकल तरी असायचे."

काळी पुन्हा खिळ्याला अडकवली.

भाऊजी नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील ताडावरून पडून गेले. ताडी काढायचे ते. बँडवाल्यांना द्यायला घरात काही नव्हतं, म्हणून बँड आला नाही. घरापासून दफनभूमीपर्यंत माणसांच्या चपलांचा तेवढा आवाज. भाऊजींनी त्या वाटेवर शब्द दिला होता, कुणाला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मुंबईहून परतल्यावर त्यांनी तो पाळायला घेतला. गावात ज्याच्या मातीला बँड नाही, त्याच्यासाठी दफनभूमीच्या मागच्या भिंतीपलीकडे उभं राहून एक भक्तिगीत वाजवायचं. भिंतीपलीकडे का, असं मी एकदा विचारलं.

"दिसलो तर घरचे चहा विचारतील. चहाला साखर लागते, सेलीन."

जाण्याआधी दोन दिवस त्यांनी माझं मनगट धरलं. "काळी काचेत जाऊ द्यायची नाही. आणि माझा शब्द आता तुझा." मी हो म्हटलं. मी हो म्हणते तेव्हा ते देवासमोर म्हणते.

काचेची, शोभेची वस्तू होण्याची त्यांना फार भीती. संध्याकाळी ओट्यावर बसून जुन्या सोबत्यांच्या वाद्यांची मयतं सांगायचे.

"पॅट्रिकचा सॅक्सोफोन कुठाय ठाऊक आहे? कुलाब्याच्या एका खानावळीत. भोंग्यातून बल्ब लोंबतोय. सावियोच्या मोठ्या बास-व्हायोलिनची पाठ कापून कपाट केलंय, आत दारूच्या बाटल्या. जिवंतपणी बाटली त्याच्या पोटात असायची, आता बासच्या."

"आणि लिओ अंकलचं क्लॅरिनेट?"

"त्याच्या बायकोने ते त्याच्याबरोबर पुरलं. मुंबईत जागेची टंचाई. तीन वर्षांनी कबर पुन्हा उघडली, तर लाकूड सडलेलं, चांदीच्या कळा तेवढ्या वर आल्या. खणणाऱ्याने त्यांचे नातीला पैंजण केले." मग थोडं थांबून म्हणायचे, "सगळ्यांत तो एकटाच अजून वाजतोय बघ."

भाऊजींचा मुलगा मेल्विन कॅनडाहून महिन्याच्या मिस्सेसाठी आला होता. अकरा वर्षांत बाप दोनदा दिसला असेल त्याला. मिस्सा गुरुवारी झाली. जाताना म्हणाला, "काकी, उद्या येतो. डॅडचं सामान बघून टाकू. बरोबर दोन माणसं असतील."

सामान त्याचं होतं. मी भावजय. तो "दोन्ही नेतो" म्हणाला असता तर मला बोलायला तोंड नव्हतं. काळी तांदळाच्या पिंपात दडवावी असं शुक्रवारी सकाळी दोनदा मनात आलं. पण दडवणं म्हणजे न बोलता बोललेलं खोटंच. ती खिळ्यावर राहिली.

त्यात शुक्रवार. पास्कल गेल्यापासून माझा नेम आहे, शुक्रवारी बारा ते तीन बोलायचं नाही. येशू क्रुसावर होता ते तीन तास. गाडी दाराशी थांबली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"काकी, हे डॉक्टर खांडके," मेल्विन म्हणाला. "डॅडचे सगळ्यात मोठे चाहते. जॅझ मंडळाचे अध्यक्ष. आणि ही रिया. डॅडचं ट्रंपेट ज्या हॉटेलच्या बारमध्ये ठेवायचंय, तिथली सजावट हीच बघते."

मी हात जोडले, मग भिंतीवरच्या क्रुसाकडे आणि घड्याळाकडे बोट केलं.

"अरे देवा, फ्रायडे! काकी तीनपर्यंत बोलत नाही."

"मौन? वा!" डॉक्टर म्हणाले. "विपश्यना का?"

"तसंच काहीतरी," मेल्विन म्हणाला.

गप्प माणसाला लोक आधी बहिरं समजतात, मग मूर्ख. या तिघांना दोन्ही पायऱ्या उतरायला पाच मिनिटं पुरली.

"इथे?" डॉक्टरांनी ओटा, कोंबड्या, वाळत घातलेली चिंच सगळ्यावर नजर फिरवली. "ऑगी फर्टाडो इथे राहायचा? केवढी शोकांतिका!" माझ्या दिरांना ते अरे-तुरे करत होते. कलावंतांना तसंच करतात म्हणे, प्रेमाने.

"ही बाई काय करायची त्याचं?"

"काकी? स्वयंपाक, औषधं," मेल्विन म्हणाला. "शी इज व्हेरी सिंपल."

मी तिघांना कोकमाचं सरबत दिलं. डॉक्टरांनी पेल्याकडे बघून थँक्यू म्हटलं.

मेल्विनने कपाटावरून मखमलीची पेटी काढली. डॉक्टरांनी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले आणि नवरीला दोन्ही हातांवर उचललं. आमचे फादर ख्रिस्तशरीर वर धरतात तेव्हाही त्यांचे डोळे इतके मिटत नाहीत.

"हीच," ते म्हणाले. आवाज भरून आला होता. "अठ्ठावन्न सालच्या रेकॉर्डीवर वाजते ती हीच. डोळे झाकून ओळखीन. हा सोनेरी सूर दुसऱ्या धातूतून निघूच शकत नाही."

नवरी चौसष्ट साली आली. तारीख पेटीच्या आतल्या बाजूला शिवलेली आहे. मला ती बसल्या जागेवरून दिसत होती.

रियाने पर्समधून टेप काढून नवरी मापली. "काचेची पेटी, आतून निळं वेल्वेट, वरून एकच दिवा. खाली बार काउंटर. आणि एक कॉकटेल त्यांच्या नावाचं, 'द ऑगी'!"

"वंडरफुल," मेल्विन म्हणाला. "डॅडला व्हिस्की आवडायची."

भाऊजींनी अकरा वर्षांत चहाखेरीज काही तोंडाला लावलं नव्हतं.

पेटीच्या कप्प्यातून भाऊजींचा एक जुना फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला. "हे बघ रिया. वरच्या ओठावरचा हा गोल वण. वर्षानुवर्षं रोज माऊथपीस दाबून पडतो. ही खूण लपत नाही. अगं, मी चामडीचा डॉक्टर आहे! रस्त्यावरच्या गर्दीतून ट्रंपेटवाला वेगळा काढून दाखवीन."

"हाऊ फॅसिनेटिंग," रिया म्हणाली.

मी त्यांचे रिकामे पेले उचलले. डॉक्टरांच्या नाकापासून हातभर अंतरावरून.

"आता खरी चीज ऐका," डॉक्टरांनी पिशवीतून छोटा टेपरेकॉर्डर काढला. "गेल्या नोव्हेंबरात मी त्याला भेटायला आलो होतो, तो चर्चच्या वाटेवरच भेटला. म्हणाला, थांबा, मातीला जायचंय. मी मागोमाग गेलो आणि फाटकाशी उभं राहून चोरून टेप केलं. परत येताना भेटले, हा पुढे आणि मागे कोणीतरी बाई, छत्री धरून."

ती बाई त्यांच्यासमोर पेले विसळत होती.

टेप खरखरली. कावळे, फावड्याची माती, कुणाचं तरी खोकणं. मग लांबून, भिंतीपलीकडून, आमच्या चर्चमधलं ते साधं भक्तिगीत. सावकाश. चार ओळी.

"ऐकलंत? तिसऱ्या ओळीच्या शेवटी! तो सूर किंचित खाली सोडतो. मुद्दाम! हा ब्लूज आहे, मेल्विन. स्मशानात, भक्तिगीतात ब्लूज! चौऱ्याहत्तराव्या वर्षी! आशिया खंडात हे दुसरं कोणी करू शकत नव्हतं. मी यावर लेख लिहिलाय."

मेल्विनने डोळे पुसले. "दॅट्स हिम," तो म्हणाला. "दॅट्स डॅड. कुठेही ओळखीन."

मी नळ बंद केला. माझ्या मनात त्या वेळी जे जे आलं, त्याची कबुली मी पुढच्या शनिवारी फादरांसमोर दिली. बरंच होतं. फादरांनी मध्येच, "अजून आहे?" असं विचारलं.

अडीच वाजले. मला वाटलं, आता उठतील. तर रिया हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लोटलं.

"ओ! हे काय?"

जुन्या परकराची शिवलेली ती पिशवी तिने खिळ्यावरून काढली आणि काळीला कान धरून ओढावं तशी बाहेर काढली.

"डॉक्टर, बघा ना! किती रस्टिक! हेही नेऊ. बारमध्ये ते सोनेरी, आणि टॉयलेटकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये हे. काळ्या भिंतीवर मस्त दिसेल."

मी पदराचं टोक मुठीत धरलं. घड्याळात तीनला बारा मिनिटं होती.

डॉक्टरांनी काळीकडे लांबूनच पाहिलं. हातमोजे त्यांनी काढून ठेवले होते, ते पुन्हा घातले नाहीत. "कुठल्यातरी वरातीतल्या बँडवाल्याचं दिसतंय. भंगार आहे, रिया."

"सजावटीला भंगारच लागतं, डॉक्टर. मेल्विन, घेऊ ना?"

"घे की," मेल्विन म्हणाला. "नाहीतर काकी रद्दीवाल्याला देईल."

रियाने काळी आपल्या मोठ्या झोळीत टाकली. बटणं कशावर तरी आपटली, तो आवाज मला दातांत लागला. मी दारात जाऊन उभी राहिले. दारात फक्त उभी, हात चौकटीला. मेल्विन म्हणाला, "काकी, जरा बाजूला." मी क्रुसाकडे पाहिलं. आयुष्यात तेवढ्या लांब बारा मिनिटांचा जप मी केलेला नाही. रियाला वाटलं मी जेवायला थांबवते आहे. "नो नो आंटी, आम्ही हॉटेलवर जेवू," ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली.

मग तिला कोंबड्यांचा फोटो काढायचा होता. मग मेल्विनला पास्कलच्या फोटोसमोर उभं राहायचं होतं. देव कशाकशातून वेळ काढतो!

तीनचे ठोके पडले. मी क्रुसाची खूण केली आणि बोलले.

"मेल्विन, बाबा, झोळीतलं ट्रंपेट राहू दे."

तिघंही दचकले. टेबल बोललं असतं तर एवढे दचकले नसते.

"कशाला काकी? कुणाचं आहे ते?"

इथे मी अडकले. "गावच्या बँडचं" म्हणाले असते तर तिथल्या तिथे सुटले असते. खरं सांगितलं तर काळी काचेत जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. भाऊजींना दिलेला शब्द एकीकडे, आणि समोर क्रूस.

"तुझ्या डॅडचं," मी म्हणाले. "सगळं आयुष्य त्यांनी हेच वाजवलं. रेकॉर्डी याच्यावरच्या. गावातल्या मातीला वाजायचं तेही हेच. डॉक्टरांच्या टेपमध्ये आहे तेही. ते सोनेरी हॉटेलने दिलेलं, फोटोपुरतं. पेटीत तारीख आहे, बघ."

मग डॉक्टर हसले. प्रेमळ हसू, पेशंटला हसतात तसं.

"बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण मी तीस वर्षं हा माणूस ऐकतोय. तुम्ही त्याला पेज दिलीत, औषध दिलंत, फार मोठं काम. सूर हा वेगळा विषय आहे."

"पेटीतली तारीख..."

"पेटी बदलते हो! वाद्य जुनं, पेटी नवी. नेहमीचं आहे." त्यांनी तारीख बघितली नाही. मग ते रियाकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "पण ऐक. हे डबडं हॉटेलात नकोच. पॅसेजमध्येसुद्धा नको. उद्या एखाद्याने विचारलं, हे दुसरं कुठलं, आणि बाईंची ही गोष्ट बाहेर फुटली, तर? माझा लेख छापून आलाय. एका छपराखाली दोन ऑगी नकोत."

"बट डॉक्टर, ती काळी भिंत..."

"तिथे कुंडी ठेव."

रियाने तोंड वाकडं करून काळी काढली आणि टेबलावर ठेवली. मी मेल्विनजवळ गेले.

"मला दिलंस?"

"हो गं काकी. ठेव तू."

"नीट सांग. यांच्यासमोर."

तो हसला. "दिलं, काकी. तुझंच. फुलं ठेव त्यात हवं तर."

गाडी गेली तेव्हा सव्वातीन झाले होते. नवरी मेल्विनच्या मांडीवर होती. ती आजही त्या बारमध्ये आहे म्हणतात. तिच्याखाली संगमरवरी पाटी आहे आणि पाटीवर अठ्ठावन्न साल कोरलंय. डॉक्टर दर वर्षी तिथे भाषण देतात, भाऊजींचा सूर या विषयावर. तिसऱ्या ओळीचा ब्लूजही त्यात असतो.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी सूर खाली येतो, कारण तिथे मला दम पुरत नाही.

भाऊजी जाण्याआधी चार वर्षं त्यांचे समोरचे दात पडले होते. कवळी लावून ट्रंपेट वाजत नाही, हे गावात कोणाला माहीत असणार? आणि तीस वर्षं ऐकणाऱ्याला, बापाचा सूर कुठेही ओळखणाऱ्याला माहीत नव्हतं, तर गावाचं काय? दात हलायला लागले तेव्हापासूनच त्यांनी मला धरलं होतं. रोज मिस्सेनंतर तीन थेंब, मग एक लांब सूर, माडांकडे तोंड करून. चारच ओळी शिकवायला त्यांना तीन वर्षं लागली. "तुझ्यात कला नाही, सेलीन," ते म्हणायचे, "पण तुझ्यात नेम आहे. मातीला तेवढा पुरतो." पहिल्या वेळी भिंतीपलीकडे ते माझ्या पाठीशी उभे राहिले आणि माझ्या डोक्यावर छत्री धरली. पुढेही दर वेळी तेच धरायचे. परत येताना छत्री माझ्या हाती देऊन पिशवी काखेत मारून पुढे चालायचे, म्हणजे कोणी पाहिलंच तर वाजवणारे ते आणि छत्रीवाली मी.

मेल्विनने विचारलं असतं, "टेपमध्ये वाजवतंय कोण?" तर मी तेही सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही.

चार वाजता मी साडी बदलली. आरशात पाहून केस नीट केले. वरच्या ओठावरचा गोल वण उन्हाने थोडा लाल दिसत होता. काळीच्या बटणांवर बोट ठेवून पाहिलं, झोळीतल्या आपटण्याने मधलं जरासं अडखळत होतं. सकाळी तेल झालं होतं, तरी पुन्हा तीन थेंब घातले. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. पिशवीचं तोंड बांधलं.

"सेलीन," कुंपणापलीकडून ब्रिजित म्हणाली, "कुठं निघालीस एवढ्या उन्हाची?"

"इनासला पोचवायला."

"मग पुढनं जा की. मागच्या वाटेला काटे आहेत."

"असू देत."

छत्री दाराशीच टेकून ठेवली होती. मी ती उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली. धरणारं कोणी नव्हतं, आणि मला दोन्ही हात लागणार होते. मागच्या वाटेने निघाले.